आपल्यात तसं कोणी नाही

गेल्या वर्षी दिवाळीच्या कार्यक्रमाआधी मी आपल्या कार्यकारिणीकडे एक टेबल मागितलं होतं. हॉलबाहेर साड्यांचे, दागिन्यांचे आणि घरं विकणाऱ्यांचे स्टॉल लागतात, त्याच रांगेत एक टेबल, दोन खुर्च्या आणि लॅपटॉपसाठी विजेचं एक कनेक्शन, एवढंच. तिथे बसून मी ज्यांना हवा असेल त्यांच्या मुलांच्या आरोग्यविम्याचा सरकारी अर्ज भरून देणार होते. कार्यकारिणीतल्या एका उत्साही तरुणाचा फोन आला. तो फार नम्रपणे म्हणाला, "काकू, कल्पना छान आहे, पण आपल्यात तसं कोणी नाही हो. उगीच लोकांना ऑकवर्ड होईल."

मंडळी, मी इथे न्यू जर्सीत एका सामुदायिक दवाखान्यात हेच अर्ज भरून घ्यायचं काम बरीच वर्षं केलं. त्यामुळे "तसं कोणी" म्हणजे कोण, हे मला जरा जास्त माहीत आहे. मोटेलच्या ऑफिसात रात्रपाळी करणारे, डोनटच्या दुकानात पहाटे चारला जाणारे, किराणा दुकानात रोखीवर काम करणारे मराठी आईबाप माझ्या खुर्चीसमोर बसून गेले आहेत. मी मराठी बोलते हे कळलं की त्यांचा चेहरा खुलायचा नाही, उलट उतरायचा. आपल्यातलीच बाई भेटली, आता हे मंडळात कळणार, ही भीती त्यांच्या डोळ्यांत दिसायची.

एकाच घरची हकीगत सांगते, त्यांच्या परवानगीने आणि ओळख पटणार नाही इतपत बदलून. नवरा एच-वन व्हिसावर, बायको एच-फोरवर, मुलगा इथे जन्मलेला, सहा वर्षांचा. २०२३ च्या सुरुवातीला कंपन्यांनी माणसं कमी केली त्यात नवऱ्याची नोकरी गेली. साठ दिवसांत नवी नोकरी शोधा, नाहीतर देश सोडा, हा नियम आपल्याला ठाऊक आहेच. नोकरीबरोबर विमाही गेला. कोब्राखाली तोच विमा चालू ठेवायचा तर महिन्याला दोन हजार डॉलरच्या आसपास भरायचे होते, तेही आवक शून्य असताना. मुलाला दमा. रोज दोनदा घ्यायचा पंप विम्याशिवाय दोनशे डॉलरच्या वर जात होता, म्हणून आईने तो एकदाच द्यायला सुरुवात केली. मग दिवसाआड. आई शिकलेली आहे, तिला कळत नव्हतं असं नाही. ती मला म्हणाली, "काकू, मी पंप हलवून बघायची, अजून किती आठवडे पुरेल ते."

मार्चमधल्या एका रात्री मुलाच्या बरगड्या आत ओढल्या जायला लागल्या आणि त्याला इमर्जन्सीत न्यावं लागलं. तो बरा झाला. बिल मात्र पाच आकडी आलं.

त्या मुलाला नोकरी गेल्याच्या महिन्यातच मेडिकेड मिळालं असतं. तो अमेरिकन नागरिक, राहतो न्यू जर्सीत, आणि अर्ज करताना गेल्या वर्षीचा पगार नव्हे तर चालू महिन्याची आवक पाहतात. पंप, डॉक्टर, इमर्जन्सी, सगळं त्यात आलं असतं. एका मैत्रिणीने बळेच त्यांना माझ्याकडे पाठवलं, तेव्हा अर्ज भरायला आम्हांला चाळीस मिनिटं लागली. त्या वेळच्या नियमाप्रमाणे अर्जाआधीच्या तीन महिन्यांतली बिलंही मेडिकेडकडे पाठवता येत होती, म्हणून ते बिल मिटलं. तीन महिने उलटले असते तर ते कुटुंबाच्या डोक्यावर राहिलं असतं.

मग आधी अर्ज का नाही केला? मी विचारलं तेव्हा दोन कारणं मिळाली. नवरा म्हणाला, "ग्रीन कार्डाची लाइन बिघडेल." बायको म्हणाली, "लोक काय म्हणतील."

आधी नवऱ्याच्या भीतीबद्दल. "पब्लिक चार्ज" हा शब्द आपल्यात भुतासारखा फिरतो. जो माणूस सरकारवर भार होईल असं वाटतं त्याला ग्रीन कार्ड नाकारता येतं, हे खरं आहे. पण भार कशाला म्हणायचं याचेही नियम आहेत. ऑगस्ट २०१९ मध्ये जाहीर झालेला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये लागू झालेला नियम या बाबतीत अलीकडचा सर्वांत कडक. त्या नियमातसुद्धा एकवीस वर्षांखालच्या मुलांचं मेडिकेड वगळलं होतं आणि चिप तर यादीत नव्हतंच. तो नियम मार्च २०२१ मध्ये गेला. नागरिक असलेल्या मुलाने घेतलेला आरोग्यविमा आईवडिलांच्या नावावर मांडायचा नाही, हे १९९९ च्या सूचनांपासून २०२२ च्या नियमापर्यंत कायम राहिलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये २०२२ चा नियम मागे घेण्याचा प्रस्ताव सरकारने मांडला. म्हणून ज्याचा स्वतःचा अर्ज चालू आहे त्याने इमिग्रेशनच्या वकिलाला जरूर विचारावं. व्हॉट्सॲपवरच्या भाऊसाहेबांना विचारू नये. मुलाचा पंप निम्म्यावर आणायचा निर्णय त्या घरात एका फॉरवर्डवर झाला होता.

आता "लोक काय म्हणतील." हे लोक म्हणजे आपण. मंडळाच्या पॉटलकला श्रीखंड वाढून घेताना "आपण टॅक्स भरायचा आणि यांनी फुकट खायचं" हे वाक्य मी किती वेळा ऐकलं याची गणती नाही. बोलणारे सज्जनच असतात. त्यांना माहीत नसतं की मागे ताट धरून उभा असलेला माणूस ते ऐकतो आहे आणि उद्या अर्ज करणार होता तो आता करणार नाही.

या फुकटाचा हिशेब एकदा करूच. आपली कंपनी आपल्या कुटुंबाच्या विम्यासाठी समजा वर्षाला अठरा हजार डॉलर भरते. तो आपल्या कष्टाचाच मोबदला आहे, पण त्यावर आपण इन्कम टॅक्स भरत नाही. दुसऱ्या महायुद्धात पगारवाढीवर बंदी होती तेव्हा कंपन्या पगाराऐवजी विमा देऊ लागल्या आणि १९५४ च्या करकायद्याने ही सवलत पक्की केली. चोवीस टक्क्यांच्या गटातल्या माणसाचे त्यात चार हजार डॉलरच्या वर वाचतात. जितका पगार मोठा तितकी सवलत मोठी. हेही सरकारी तिजोरीतूनच येतं, फक्त त्यासाठी कुणासमोर खुर्चीवर बसून पगाराच्या पावत्या दाखवाव्या लागत नाहीत. आणि त्याही मागे जायचं तर आपल्यातले डॉक्टर बी. जे. किंवा ग्रँट मेडिकलला शिकले, इंजिनिअर पवईला किंवा सीओईपीला. तेव्हाची फी आठवून पाहा. ससूनच्या वॉर्डात ज्यांच्यावर आपण हात बसवला ते रुग्ण आणि ज्यांच्या करातून आपली कॉलेजं चालली ते लोक आपल्याला फुकटे म्हणाले नाहीत. मी स्वतः नगरपालिकेच्या शाळेत शिकले. देवीची लस तिथेच रांगेत टोचली, दंडावर वण अजून आहे.

चिप ही योजना काही डाव्यांनी चोरून आणलेली नाही. १९९७ साली मॅसॅच्युसेट्सचे एडवर्ड केनेडी आणि युटाचे ऑरिन हॅच, एक डेमोक्रॅट आणि एक कट्टर रिपब्लिकन, यांनी मिळून ती पुढे नेली. मेडिकेड मिळणार नाही इतकी कमाई आहे, पण विमा विकत घेण्याइतकी नाही, अशा घरांतल्या मुलांसाठी ती होती. तेव्हा या देशात सुमारे एक कोटी मुलं विम्याशिवाय होती. २००७ मध्ये काँग्रेसने ती वाढवायचं ठरवलं तर बुश यांनी दोनदा नकाराधिकार वापरला. मध्यमवर्गातली मुलं सरकारी विम्यात जातील, हा त्यांचा आक्षेप. फेब्रुवारी २००९ मध्ये ओबामांनी सही केली आणि खर्चासाठी सिगारेटच्या पाकिटावरचा केंद्रीय कर ३९ सेंटवरून १ डॉलर १ सेंटवर नेला. दम्याच्या मुलांचं औषध सिगारेट ओढणाऱ्यांच्या पैशातून, हे मला आवडतं, लपवत नाही. २०१६ पर्यंत विम्याशिवाय असलेल्या मुलांचं प्रमाण पाच टक्क्यांच्या खाली आलं. नंतर ते पुन्हा वर सरकलं.

बुश यांच्या आक्षेपात एक गोष्ट खरी होती: ही योजना फक्त दरिद्री माणसांची नाही. न्यू जर्सीत मुलांसाठी उत्पन्नाची मर्यादा दारिद्र्यरेषेच्या ३५५ टक्के आहे. २०२५ च्या आकड्यांप्रमाणे चार माणसांच्या घराला वर्षाला सुमारे एक लाख चौदा हजार डॉलर. आता आपल्या मंडळाची यादी काढा आणि मला सांगा, "तसं कोणी" नाही? २०२१ च्या कायद्याने इथे मुलांच्या चिपचा हप्ता रद्द झाला आणि जानेवारी २०२३ पासून मुलाचे इमिग्रेशनचे कागद कसे आहेत हेही आड येत नाही. म्हणजे तिकडे जन्मलेलं, एच-फोरवर आलेलं मूलसुद्धा बसतं. इतर राज्यांत नियम वेगळे आहेत, पेनसिल्व्हेनियातल्या वाचकांनी आपले पाहावेत.

योजनेत खोट नाही असं मी म्हणणार नाही. तिची कागदपत्रं माणसाला रडवतात. कोविडच्या काळात कुणालाही मेडिकेडमधून काढायचं नाही असं ठरलं होतं, ते एप्रिल २०२३ पासून संपलं. मग देशभर अडीच कोटींहून जास्त लोकांचा विमा गेला. त्यातल्या सुमारे दोन तृतीयांश लोकांचा पात्र नाहीत म्हणून गेला नव्हता. पत्र जुन्या पत्त्यावर गेलं, फॉर्म वेळेत परत आला नाही, असली कारणं होती. जानेवारी २०२४ पासून मुलांना एकदा दिलेला विमा सलग बारा महिने चालू ठेवणं सगळ्या राज्यांना बंधनकारक झालं, हे चांगलं झालं. पण घर बदललंत तर पत्ता कळवा. हे मी प्रत्येकाला तीनदा सांगायची.

दुसरी खोट आपल्या जवळची आहे. मेडिकेड कमी पैसे देतं म्हणून बरेच डॉक्टर ते घेत नाहीत. आपल्या मंडळातल्या बालरोगतज्ज्ञांपैकी किती जण घेतात, हे मी एकदा फोन करून विचारलं होतं. उत्तर इथे छापत नाही, कारण त्यातले दोघे या अंकाचे जाहिरातदार आहेत आणि संपादकांना माझ्यामुळे त्रास नको. मला त्यांची अडचण कळते, रिसेप्शनिस्टचा पगार त्यांनाही द्यावा लागतो. पण शंभर पेशंटमध्ये पाच मुलं घेतली तर प्रॅक्टिस बुडते हे मला कुणी अजून आकड्यांत दाखवलेलं नाही.

तो मुलगा आता नऊ वर्षांचा आहे. वडिलांना साठाव्या दिवसाच्या चार दिवस आधी नोकरी मिळाली, पुढे कंपनीचा विमा आला आणि त्यांनी सरकारी विमा स्वतःहून बंद केला. गेल्या गणेशोत्सवात लेझीमच्या पथकात तो होता. ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्यांत फुकटे म्हणणारेही होते.

टेबलाबद्दल मी या वर्षी पुन्हा पत्र दिलं आहे. स्टॉलच्या रांगेत जागा नसेल तर चालेल. संक्रांतीला मी चपलांच्या रॅकजवळ, कोट ठेवतात त्या खोलीत बसेन, तिथे दार लावता येतं. पाटी लावणार नाही. येताना मुलाचा जन्मदाखला, गेल्या महिन्याच्या पगाराच्या पावत्या किंवा नोकरी गेल्याचं पत्र, आणि राहत्या पत्त्याचं एखादं बिल आणा. कुणी विचारलं तर कोट शोधतोय म्हणा.