खेळखंडोबा कोण करतो?

"जाऊ द्या हो, खेळच तर आहे!" हे वाक्य आपल्या घराघरांतून इतक्या वेळा उच्चारले जाते की त्याला आता सुभाषिताची प्रतिष्ठा आली आहे. ऐन दिवाळीत फराळाची ताटे उचलून झाली की पत्त्यांचा डाव मांडला जातो. त्यातला एकजण हरू लागला की पाने फेकून उठतो. मग घरातले वडीलधारे माणूस हे वाक्य बोलून इतरांना गप्प बसवते. पाने फेकणाऱ्याला कोणी काही बोलत नाही, हे ध्यानात घ्या. या वाक्याविरुद्ध मला आज फिर्याद गुदरायची आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे की, खेळाचा खेळखंडोबा एकटा आडदांड गडी कधीच करू शकत नाही. त्या कामी त्याला चार सज्जनांची मदत लागते. आणि ते चार सज्जन म्हणजे तुम्ही आणि मी.

ज्या खेळावरून मला हे सुचले, तो पुष्कळ वाचकांना अपरिचित असेल, म्हणून आधी त्याची ओळख करून देतो. त्याचे नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकन गृहस्थांनी तो रचला आणि १९७४ साली एका खोक्यात घातलेल्या तीन पुस्तिकांच्या रूपाने तो प्रथम विक्रीला आला. पाचसहाजण टेबलाभोवती बसतात. त्यातला एक 'डंजन मास्टर' होतो. आपण त्याला सूत्रधार म्हणू. तो सांगतो, "रात्र झाली आहे, नदीला पूर आहे, पलीकडे एक दिवा लुकलुकतो आहे. बोला, काय करता?" बाकीच्यांनी एकेक पात्र घेतलेले असते. कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर. आपले पात्र काय करील ते प्रत्येकाने सांगायचे. बेत साधला की फसला हे बहुधा वीस बाजूंचा एक फासा ठरवतो. यात कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही. गोष्ट पुढे सरकते एवढेच. आणि ती महिनोन् महिने सरकत राहते.

पत्त्यांत एकाने गाढवपणा केला तर फार तर त्याचा भिडू बुडतो. पुढच्या डावाला पुन्हा पाने वाटली जातात. या खेळात पुन्हा पाने वाटण्याची सोय नाही. सर्वांनी मिळून जमवलेली गोष्ट हीच सर्वांची सामाईक पुंजी असते. एकाने तिच्यात हात घातला की सगळ्यांचेच नुकसान होते.

माझ्या भाचीचा असा एक संच पुण्यात दर रविवारी दुपारी माझ्या घरी जमत असे. कारण एवढेच की माझ्याकडचे टेबल मोठे. सगळी मंडळी पंचविशीतली, नोकरदार. पुढे आग्रह करकरून त्यांनी मलाही एका म्हाताऱ्या वैद्याचे पात्र दिले. सूत्रधार भाची. त्या संचात एक तरुण होता. हुशार, हजरजबाबी, एरवी कोणाच्याही मदतीला धावणारा. त्याचे पात्र चोराचे. हा चोर सोबत्यांच्याच झोळ्या कापी. एखाद्या गावकऱ्याशी कोणी बोलणे सुरू केले की मध्येच त्याला थप्पड मारी. दुसऱ्याची पाळी आली की तरुण मोबाईल काढून बसे, आणि स्वतःची आली की पाऊण तास सोडत नसे. आम्ही हसत असू.

दुसरी एक मुलगी होती, अगदी मितभाषी. तिचे पात्र नावाड्याच्या मुलीचे. त्या पात्राची सारी हकीगत तिने वहीत लिहून आणली होती. पुरात हरवलेल्या भावाला शोधायला ती निघाली होती. चार महिन्यांनी एका रविवारी, एका धर्मशाळेत, तो भाऊ सापडला. मुलगी तोंड उघडणार तोच आमच्या चोराने जाहीर केले, "मी त्याच्या पोटात सुरी खुपसतो." का, तर गंमत म्हणून. फासा नेमका वीस पडला. 'हे होणार नाही' असे म्हणण्याचा अधिकार सूत्रधाराला असतो. भाचीने तो वापरला नाही. रंगाचा बेरंग कशाला, असे तिला वाटले! सगळे हसले. मीही हसलो. ती मुलगीसुद्धा हसली. मग तिने आपले फासे एकेक करून पिशवीत भरले, चहाचा कप विसळून ठेवला आणि ती घरी गेली. पुढच्या रविवारी तिला काम निघाले. त्याच्या पुढच्या रविवारीही निघाले. तिसऱ्या रविवारी आम्ही तिला विचारणेच सोडून दिले.

आता सुज्ञ वाचक म्हणतील, "मास्तर, एक खोटा भाऊ मेला म्हणून एवढा कालवा?" कबूल, भाऊ खोटा होता. पण मोठ्या माणसाला आपल्या मनातली गोष्ट हसे न होता चारचौघांत मांडता येईल अशा जागा जगात फार थोड्या असतात. तिला तशी एक जागा सापडली होती. ती आम्ही सर्वांनी मिळून बंद केली आणि वर तिलाच हसायला लावले.

या तरुणाचा बचाव एकच असे. "मी काय करू? माझं पात्रच तसं आहे!" हा बचाव जगभरच्या टेबलांवर ऐकू येतो म्हणतात. मी कादंबऱ्या लिहितो; त्यामुळे या बाबतीत माझी साक्ष ग्राह्य धरायला हरकत नसावी. पात्र कधीही लेखणी हातात धरीत नाही. ती आपल्या हातात असते. पात्र चोर असले म्हणून त्याने सोबत्यांनाच लुटावे असा नियम कुठे आहे? चोराला मित्र असतात, त्याला कोणाची तरी भीड असते, तोही कोणासाठी तरी जीव टाकतो. जे पात्र सोबत्यांना छळल्यावाचून जगूच शकत नाही, ते ज्याने निर्माण केले त्यानेच बदलावे. चूक पात्राच्या खात्यावर मांडून खेळाडूने मोकळे होणे हा रडीचा डाव आहे.

ती मुलगी गेल्यावर भाचीला राग आला, पण तो तिने शब्दांत काढला नाही, खेळात काढला. चोराच्या अंगावर छप्पर पडले, त्याला साप चावला, भर बाजारात त्याचा हात तोडला गेला. या उपायाला मोठी परंपरा आहे. गायगॅक्सने १९७९ साली सूत्रधारांसाठी जो मार्गदर्शक ग्रंथ काढला, त्यात त्रासदायक खेळाडूंवर एक स्वतंत्र टिपण आहे. खेळण्यापेक्षा खेळ बिघडवण्यातच ज्यांना आनंद वाटतो त्यांना सरळ रजा द्यावी, असे तो सांगतो. जे सुधारण्याजोगे वाटतात त्यांना सोबतीच गप्प करतील, असा त्याचा भरवसा आहे. आणि हकालपट्टीच्या अलीकडचा कडक उपाय म्हणून, अपराध्याच्या पात्राच्या डोक्यावर आकाशातून निळी वीज पाडावी, असेही त्याने सुचवले आहे.

गायगॅक्सचा मान राखून मला म्हणावेसे वाटते की सोबत्यांवरचा त्याचा भरवसा अनाठायी होता आणि ती वीज तर सर्वस्वी कुचकामाची. सोबती बोलत नाहीत, सोबती हसतात. विजेचे म्हणाल, तर पुढचे तीन रविवार आमच्या चोराच्या हालअपेष्टांतच गेले आणि त्याच्याइतकी मौज त्यात कोणालाच वाटली नाही! त्याला हवे होते ते सगळ्यांचे लक्ष. ते त्याला दामदुपटीने मिळाले. मुलगा वर्गात बडबडतो म्हणून त्याच्या चित्रकलेचे गुण कापणारे मास्तर मी पाहिले आहेत. गुण गेले, बडबड राहिली. आणि गुण का गेले हे त्या मुलाला शेवटपर्यंत कळले नाही. माणसाचा दोष माणसाला सांगावा लागतो. तो त्याच्या चित्राला किंवा पात्राला सांगून पोहोचत नाही.

एक आक्षेप मात्र मला खरोखर वजनदार वाटतो. खोडसाळपणा काढून टाकला तर खेळात उरणार काय? या खेळाचा उगमच मुळी एका गोंधळात आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात डेव्हिड वेस्ली नावाच्या गृहस्थाने 'ब्राउनस्टाइन' नावाचा एक युद्धखेळ मांडला होता. नेहमीच्या सैन्यांबरोबर त्याने काही खेळाडूंना गावच्या नगराध्यक्षासारख्या वेगवेगळ्या भूमिका दिल्या. झाले! खेळाडू आपापसांत कारस्थाने करू लागले, वेस्लीच्या हाती काही राहिले नाही आणि आपला प्रयोग फसला असे समजून तो हिरमुसला. पण खेळाडू मात्र असाच खेळ पुन्हा मांड म्हणून त्याच्या मागे लागले. आर्नेसन त्याच मंडळींतला. तेव्हा शिस्तभंग हाच या खेळाचा बाप, असे कोणी म्हटले तर त्याला खोटे म्हणता येणार नाही.

पण त्या गोंधळानंतर काय झाले ते पाहा. मंडळी दुसऱ्या रविवारी काम निघाले म्हणून घरी बसली नाहीत. पुन्हा खेळायचे म्हणून हट्ट धरून बसली. हीच माझी कसोटी. ज्या खोडीने इतरांना आणखी चार गोष्टी सुचतात, ती खेळाची लेक. जिच्यामुळे इतरांच्या तोंडचा शब्द तोंडातच राहतो, ती खेळाची वैरीण. दोघींत फरक करायला पंडित लागत नाही. खोडी काढणाऱ्याच्या तोंडाकडे पाहू नका. टेबलावर सर्वांत गप्प असलेल्या माणसाच्या तोंडाकडे पाहा.

योहान हायझिंगा या डच इतिहासकाराने १९३८ साली 'होमो लुडेन्स' हा खेळाविषयीचा ग्रंथ लिहिला. लबाडी करणारा गडी आणि खेळ मोडणारा गडी यांत त्याने भेद केला आहे. लबाडाला निदान खेळ चालू राहायला हवा असतो, म्हणून समाज त्याला एक वेळ पोटात घालतो. खेळ मोडणाऱ्याला घालीत नाही, असे तो सांगतो. आमच्या टेबलावर नेमके उलटे घडत होते. फाशावरचा आकडा कोणी चुकून एकाने वाढवला तर सहाजण ओरडत. आणि गोष्टच मोडून टाकणाऱ्याला आम्ही टाळ्या देत होतो.

यावर उपाय काय? तो शोधायला अमेरिकेला जाण्याचे कारण नाही. लहानपणच्या अंगणात परत जावे. आपण खेळत होतो तेव्हा एखादा धाकटा भाऊ 'कच्चा लिंबू' असे. त्याला बाद करायचे नाही, हे खेळ सुरू होण्याआधी सर्वांदेखत ठरे. सवलत दुबळ्याला होती आणि उघड होती. आम्ही मोठेपणी काय केले? सर्वांत दांडग्या गड्याला, कोणालाही न विचारता, गुपचूप कच्चा लिंबू करून टाकले! तेव्हा पहिल्या डावाआधीच बैठक बसवावी. हे खेळाडू तिला 'सेशन झीरो' म्हणतात. सोबत्याला लुटायचे की नाही, काय चालेल, काय चालणार नाही, हे तिथेच बोलून घ्यावे. दुसरे, आपण मूठ तोंडाशी नेऊन 'टॅम्प्लीज' म्हणत असू आणि पळणारा जागच्या जागी थांबे. हल्ली अनेक टेबलांवर फुली काढलेला एक पत्ता मध्ये ठेवतात. प्रसंग नकोसा झाला की त्यावर बोट ठेवायचे. कारण सांगण्याची सक्ती नाही. आमच्या टेबलावर तो पत्ता असता, तर त्या मुलीला हसावे लागले नसते.

तिसरा उपाय सर्वांत अवघड आणि सर्वांत स्वस्त. त्या माणसाला एकट्याला गाठून, आठवड्याच्या आत, साध्या भाषेत सांगावे. 'तू असा आहेस' म्हणू नये. 'तू अमुक केलेस, त्याने तमुक झाले' एवढेच म्हणावे. पुन्हा घडले तर पुन्हा एकदा सांगावे. तिसऱ्यांदा मात्र नमस्कार करून निरोप द्यावा आणि त्याबद्दल मनाला टोचणी लावून घेऊ नये. दार दाखवणे हे क्रौर्य नव्हे. एकाला दार दाखवायचे टाळले की दुसरा कोणी दाराचा आवाजही न करता निघून जातो. आणि जाणारा बहुधा चांगला असतो.

शेवटी भाचीने त्या तरुणाला एका संध्याकाळी चहाला नेऊन सारे सांगितले. दहा मिनिटे लागली. तो बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "अगं, मग मला आधी का नाही सांगितलंत? तुम्ही सगळे तर हसत होतात."

घरी येऊन भाचीने मला हे सांगितले तेव्हा मला मान वर करवेना. चार महिने आम्ही त्याच्यावर उपकार करीत आहोत असे समजत होतो. वस्तुतः आम्ही त्याला हसून फसवले होते. पुढच्या रविवारी तो आला. अवघडलेला होता, पण आला. आणि हळूहळू बरा खेळू लागला. प्रत्येकजण असाच वळेल असे मी म्हणत नाही. पण तो वळण्याजोगा आहे की नाही, हे सांगून पाहिल्याशिवाय कळणार कसे?

त्या मुलीला मी स्वतः फोन केला. "नाही सर, हल्ली वेळच मिळत नाही," ती अगदी अदबीने म्हणाली. मीही "असू दे, असू दे" म्हणालो आणि फोन ठेवला. त्याच क्षणी माझ्या ध्यानात आले की मी पुन्हा तेच केले. खरे बोलण्याची वेळ आली आणि मी सज्जनपणा केला.

तेव्हा या दिवाळीत तुमच्या घरी डाव मांडला जाईल, कोणी पाने फेकील, आणि "जाऊ द्या हो" तुमच्या ओठांवर येईल. ते गिळा. पाने फेकणाऱ्याला नंतर बाजूला घेऊन बोला. आणि त्याच्याही आधी, कोपऱ्यात बसून सगळ्यांबरोबर हसत असलेल्या त्या गप्प माणसाला विचारा, "तुला काय वाटलं रे?" मी ते वेळेवर विचारले नाही.