शब्द पाठ, वाक्य अडलेलं

जिल्हा परिषदेच्या शाळेत उशिरा आलेलं मूल दारात थांबतं आणि 'मे आय कमिन टीचर' एका दमात म्हणून टाकतं. त्याच मुलाला शेजारच्याची पट्टी हवी असेल, तर मात्र तिथे 'मे' वापरायचं त्याला सुचत नाही. त्याच्या लेखी 'मे' हा सुटा शब्दच नाही, आत शिरायचा तो मंत्र आहे. यवतमाळसारख्या जिल्ह्यात इंग्रजी अडतं ते नेमकं इथे. मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं २००० साली. मुलांना फळं, प्राणी, रंग, वार सगळं पाठ असतं. पण ही झाली नावं. आपल्याला काय येतं, काय हवं, काय करावं लागेल, हे सांगायला कॅन, मे, मस्ट, शुड, विल अशी मूठभर क्रियापदं लागतात आणि त्यांच्याशी गाठ पडते ती बहुधा व्याकरणाच्या प्रश्नात. बारावीला 'सक्ती दाखवणारं सहायक क्रियापद वापरून वाक्य पुन्हा लिहा' असं विचारलं जातं. विद्यार्थी 'मस्ट' लिहून गुण घेतो, पण तोंडाने ते वाक्य त्याने कधी वापरलेलं नसतं.

'असर' या शैक्षणिक पाहणीच्या २०२३च्या अहवालात ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयोगटातल्या ५७.३ टक्के मुलांना इंग्रजी वाक्यं वाचता आली आणि वाचू शकणाऱ्यांपैकी ७३.५ टक्क्यांना अर्थ सांगता आला. म्हणजे वाचून समजणारी मुलं निम्म्याहूनही कमी. स्वतःचं वाक्य बोलणं तर त्याच्याही पुढची पायरी. त्यासाठी शब्दांचा डोंगर लागत नाही. ढाक्यात शिक्षकांना घडवणाऱ्या मायकेल वेस्ट यांनी १९५३ साली नित्य वापरातल्या सुमारे २००० शब्दांची यादी प्रसिद्ध केली. सुरुवातीला त्यातलेही काहीशे पुरतात, पण ते या क्रियापदांना जोडून रोज बोलले गेले पाहिजेत.

ही क्रियापदं शिकवताना मराठी आड येत नाही, उलट हाताशी येते. 'मला पोहता येतं', 'मी उद्या येऊ शकतो', 'मी जाऊ का?' या तिन्ही ठिकाणी इंग्रजीत 'कॅन' चालतं. 'कॅन म्हणजे शकणे' एवढंच घोकलेलं मूल 'पोहता येतं'पाशी थबकतं. सल्ला आणि सक्ती यांतला फरकही इथल्या मुलांना समजावून सांगावा लागत नाही. २०१७च्या खरिपात कीटकनाशकाच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसं गमावलेल्या यवतमाळ जिल्ह्यात 'फवारताना तोंड झाकलेलं बरं' आणि 'झाकलंच पाहिजे' यांत किती अंतर आहे, हे पोरासोरांना कळतं. त्या अंतरावर 'शुड' आणि 'मस्ट' बसवले की ते विसरले जात नाहीत.

आक्षेप येईल की आधी मराठी तरी नीट वाचू द्या. आक्षेप रास्त आहे, आणि म्हणूनच हा सराव तोंडी हवा. वाचन-लेखनाच्या तासातलं एक मिनिटही त्याने खाऊ नये. जिल्ह्याच्या झरी जामणी, केळापूर, मारेगाव भागातल्या कोलाम आणि गोंड मुलांबाबत प्रश्न जास्त अवघड आहे, कारण त्यांच्यासाठी मराठीच शाळेत भेटणारी दुसरी भाषा असते. पण परवानगी मागणं, नाही म्हणणं, जमेल का विचारणं त्यांच्या घरच्या बोलीतही आहेच. तिथला शिक्षक ते वाक्य आधी कोलामीत किंवा गोंडीत म्हणवून घेईल, तर मूल मराठीच्या वळशाने न जाता थेट अर्थापाशी पोचेल. हे न करता त्यांच्यावर शब्दांच्या याद्या लादणं मला अन्यायाचं वाटतं.

दुसरा आक्षेप पालकांचा: मग इंग्रजी माध्यमच का नको? कर्ज काढून मुलाला व्हॅनने तालुक्याच्या शाळेत धाडणाऱ्या बापाची तळमळ खरी आहे. पण तिथेही धडे फळ्यावरून उतरवून घ्यायचे आणि उत्तरं पाठ करायची असतील, तर माध्यम बदलून मूल बोलतं होत नाही, उलट विज्ञान-गणितही परकं होतं. शिक्षकांचा संकोच मात्र मी हलका मानत नाही. त्यांच्यातल्या अनेकांनी स्वतः पाचवीपासून इंग्रजी घेतलं आणि तेही घोकूनच. त्यांना पाच-सहा वाक्यरचना केंद्रातल्या शाळांच्या शिक्षण परिषदेत एकमेकांशी बोलून पक्क्या करता येतील. आणि परिपाठात फळ्यावर जे रोजचे पाच नवे शब्द लिहिले जातात, त्यांच्या जागी एकच प्रश्न लिहावा: 'कॅन यू हेल्प मी?' त्याचं उत्तर मग प्रत्येक मुलाने आपापलं द्यावं, चुकत का होईना.