शेवटच्या हातापर्यंत

मोरगावच्या एका भगिनींचे पत्र आले आहे. त्यांची मुलगी एस.टी.ने बारामतीला ये-जा करून शिकली, मायक्रोबायोलॉजी घेऊन एम.एस्सी. झाली. पुण्याजवळच्या इंजेक्शन बनवणाऱ्या एका कारखान्यात काही वर्षे काम केल्यावर आता तिला तिथल्या जंतू-तपासणी प्रयोगशाळेची सुपरवायझर केले आहे. नातेवाईक विचारतात, "जंतूच मोजायचे होते तर एवढे शिक्षण कशाला?" आणि आईला काळजी अशी की, पगार वाढला तरी मुलीची झोप का कमी झाली? आपल्या कितीतरी घरांतली मुले-मुली आता या क्षेत्रात आहेत, म्हणून उत्तर सर्वांसाठीच देत आहोत.

गोळी पोटात जाते तेव्हा जठरातले आम्ल पहारेकऱ्यासारखे उभे असते. इंजेक्शन आणि सलाइनला असा पहारा नाही, ती थेट रक्तात किंवा मांसात जातात. डोळ्यांतल्या थेंबांचेही तसेच. म्हणून ही औषधे निर्जंतुक असावी लागतात. इथे "बऱ्यापैकी स्वच्छ" हा शब्द चालत नाही. पातेलेभर दुधाला चमचाभर विरजण पुरते, हे बारामतीकडच्या दुधाच्या धंद्यातल्या घरांना सांगायला नको.

जे औषध उष्णता सोसते ते १२१ अंश सेल्सिअसच्या दाबाच्या वाफेत साधारण १५ मिनिटे ठेवून निर्जंतुक करता येते. जे सोसत नाही ते ०.२२ मायक्रॉन छिद्रांच्या गाळणीतून गाळून, गाळलेल्या हवेच्या खोलीत, निर्जंतुक कुप्यांत भरतात. त्या खोलीत जंतू आणणारा सर्वांत मोठा वाहक म्हणजे माणूस: त्याची त्वचा, श्वास आणि हातमोज्याचे बोट.

मग शेवटी कुप्या तपासल्या की झाले, असे वाटेल. तसे होत नाही. मोठ्या बॅचमधून साधारण २० कुप्या काढतात, त्यातले औषध जंतूंच्या खाद्यात मिसळून १४ दिवस ठेवतात आणि गढूळ होते का ते पाहतात. आता हिशेब करा. हजारात एक कुपी दूषित असेल, तर या २० कुप्यांत ती सापडण्याची शक्यता शंभरात फक्त २ आहे. प्रत्येक कुपी उघडून पाहिली तर विकायला काही उरणार नाही. म्हणजे शेवटच्या तपासणीवर विसंबता येत नाही. भरोसा ठेवायचा तो औषध बनवतानाच्या प्रत्येक पायरीवर.

सुपरवायझरचे काम या पायऱ्यांवर नजर ठेवण्याचे आहे. भरणीच्या वेळी उघड्या ठेवलेल्या प्लेटवर हवेतून काय पडले, कामगाराच्या बोटांच्या ठशातून काय उगवले, पाण्यात काय निघाले, हे रोज पाहायचे. दर सहा महिन्यांनी औषधाऐवजी जंतूंचे खाद्यच कुप्यांत भरून सगळी भरणी पारखायची. आणि हे सारे त्याच वेळी, खाडाखोड न करता लिहायचे.

खरी परीक्षा होते ती एका ठिपक्याने. सर्वांत स्वच्छ जागेच्या प्लेटवर जंतूंची एकच वसाहत उगवते. माल बांधून तयार आहे, गाडी उभी आहे, वरून फोन येतो: "पुन्हा एकदा तपासा, येईल बरोबर." प्लेट धुवायला पाठवली तर कुणाला कळणारही नाही. वजू मोडला की शेजारी उभ्या असलेल्या नमाज्याला कळत नाही. आपल्यालाच सफ सोडून पुन्हा वजू करायला जावे लागते. हातमोजा कुठे लागला हे स्वतःहून सांगणारा कामगार आणि ठिपका जसाच्या तसा लिहिणारी सुपरवायझर हे त्याच जातीचे काम करतात. कारण सापडेपर्यंत ती बॅच थांबवणे, ही तिची जबाबदारी. झोप कमी होते ती इथे.

या कामाचा सर्वांत मोठा धडा आपल्या मुंबईतच आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. वाल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञाने प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःला टोचून घेतली. लोक लसीला घाबरत होते. तेव्हा तिसरे आगाखान सुलतान मुहम्मद शाह यांनी लसीच्या कामासाठी आपली खुश्रू लॉज ही वास्तू दिली आणि लोकांसमोर स्वतः लस घेतली. १८९९ मध्ये ही प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल गावी १०७ जणांना लस टोचली. त्यातले १९ जण धनुर्वाताने मरण पावले. सर्वांना '५३ एन' या एकाच बाटलीतून लस दिली होती. बाकीच्या बाटल्यांनी कुणाला काही झाले नाही. ही बाटली ४१ दिवसांपूर्वी परळला भरली होती. हाफकिन यांनी कार्बोलिक ॲसिड वगळून उष्णतेवर भर देण्याचा बदल केला होता. चौकशी आयोगाने दोष परळवर ठेवला आणि हाफकिन यांचे पद गेले.

पण नोंदींत दुसरेही काही होते. गावात बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो ज्योतीवर न धरता नुसता कार्बोलिकच्या पाण्यात बुडवून त्यानेच बूच काढले गेले. शिवाय उघडताना बाटलीला दुर्गंधी नव्हती. धनुर्वाताचे जंतू ४१ दिवस आत वाढले असते तर ती आलीच असती. १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस यांच्यासह दहा शास्त्रज्ञांनी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये पत्र लिहून हे मांडले आणि हाफकिन दोषमुक्त झाले. १९२५ मध्ये परळच्या संस्थेला त्यांचेच नाव मिळाले. चिमट्याची गोष्ट लिहिलेली होती, म्हणून पाच वर्षांनी का होईना न्याय झाला. ते १९ जीव मात्र परत आले नाहीत.

तेव्हा मोरगावच्या भगिनींनी नातेवाइकांना सांगावे की मुलगी जंतू मोजते ते खरे, पण ती अनोळखी आजाऱ्यांची अमानत सांभाळते. तिला घरी आल्यावर शांतपणे जेवू द्यावे. "आज माल थांबवला" असे ती म्हणाली तर घाबरू नये, शाबासकी द्यावी.

आणि मुल्कोवालचा चिमटा आपल्या घरातही असतो, हे विसरू नये. शेवटचा हात आपलाच असतो. म्हणून:

डोळ्यांच्या थेंबांच्या बाटलीचे टोक पापणीला किंवा बोटाला लावू नका. उघडल्याची तारीख बाटलीवर लिहा आणि लेबलवर वेगळे सांगितले नसेल तर महिन्याभरात टाकून द्या. एकाची बाटली दुसऱ्याने वापरू नये.

सलाइन किंवा इंजेक्शन गढूळ दिसले, तरंगणारे कण दिसले, सील सैल वाटले, तर ते वापरू देऊ नका. सुई आणि सिरिंज दर वेळी नवी, डोळ्यांसमोर पाकीट फोडलेली हवी.

औषधाचे खोके आणि बिल उपचार संपेपर्यंत जपून ठेवा. त्यावरच्या बॅच नंबरावरून कारखान्यातली त्या दिवसाची वही उघडता येते. काही बिघडलेच, तर डॉक्टरांना आणि अन्न व औषध प्रशासनाला तो नंबर कळवा.