सुई बरोबर, आकडा चूक!

दोस्तांनो, गाडी घाट चढू लागली की कानाला दडे बसतात, हो ना? जसजसं वर जावं तसतसा हवेचा दाब कमी होतो, त्याचाच हा परिणाम. विमानातलं उंची दाखवणारं यंत्र, म्हणजे अल्टिमीटर, नेमका याच गोष्टीचा फायदा घेतं.

गंमत अशी की हे यंत्र उंची मोजतच नाही! ते मोजतं हवेचा दाब. जुन्या पद्धतीच्या अल्टिमीटरमध्ये पातळ पत्र्याची, हवा काढून घेतलेली एक बंद डबी असते. विमान वर गेलं की बाहेरचा दाब घटतो, डबी किंचित फुगते आणि सुई पुढे सरकते. आता सुईच्या जागी पडद्यावरचे आकडे आले, पण तत्त्व तेच. समुद्रसपाटीजवळ साधारण २८ फूट वर गेलं की दाब १ हेक्टोपास्कलने उतरतो.

पण इथेच खरी मेख आहे. एकाच जागचा दाबसुद्धा रोज सारखा नसतो. वादळी, पावसाळी हवेत तो बराच उतरतो. मग विमान जमिनीवर नुसतं उभं असलं तरी सुई हलणारच! म्हणून अल्टिमीटरला आकड्यांची एक छोटी खिडकी आणि तो आकडा बदलायची कळ दिलेली असते. उतरण्याआधी विमानतळाचा नियंत्रक रेडिओवरून त्या वेळचा दाब सांगतो, पायलट तो आकडा लावतो. त्या खिडकीला पॉल कोल्समन या संशोधकाचं नाव मिळालं आहे. १९२९ साली अमेरिकेत जिमी डूलिटल यांनी झाकलेल्या कॉकपिटमध्ये बसून, बाहेर काहीही न बघता विमान उडवलं आणि उतरवलंही. तेव्हा त्यांच्यासमोर कोल्समन यांचाच अल्टिमीटर होता.

आता समजा, सांगताना आकडाच चुकला तर?

२३ मे २०२२ रोजी पॅरिसमध्ये तसंच घडलं. स्टॉकहोमहून आलेलं एक प्रवासी विमान ढगांतून, पावसातून चार्ल्स द गॉल विमानतळावर उतरत होतं. दाब होता १००१. नियंत्रकाच्या तोंडून निघालं १०११! एका आकड्याचा फरक, पण १० हेक्टोपास्कल म्हणजे सुमारे २८० फूट. त्या धावपट्टीवरची, उतरण्याची अचूक वाट दाखवणारी रेडिओ यंत्रणा त्या दिवशी बंद होती. त्यामुळे सगळी भिस्त अल्टिमीटरवर. विमान होतं त्यापेक्षा २८० फूट उंचावर आहे असं तो सांगत राहिला आणि विमान खाली खाली येत गेलं.

ठरलेल्या उंचीपर्यंत धावपट्टी दिसली नाही तर पुन्हा वर जायचं, असा नियम आहे. पायलटांनी तो पाळला. नंतर नोंदी तपासल्या तेव्हा कळलं, की वर वळण्याआधी विमान जमिनीपासून अवघ्या ६ फुटांवर आलं होतं. आणि धावपट्टी? ती अजून सुमारे दीड किलोमीटर पुढे होती! दुसऱ्या खेपेला विमान सुखरूप उतरलं, कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

यात यंत्र बिघडलं होतं का? मुळीच नाही. दहा मिनिटं पुढे लावलेलं घड्याळ अगदी नीट चालतं, पण शाळेची वेळ काही खरी सांगत नाही. तसंच हे.

रेडिओवरून आलेला आकडा पायलटाने परत म्हणून दाखवायचा असतो. इथे तसं केलंही होतं. पण मुळात चुकीचा असलेला आकडा कितीही वेळा घोकला तरी बरोबर होत नाही. विमानतळाची हवामानाची माहिती रेडिओवर वेगळीही ऐकवली जाते, तिच्यात १००१ च होतं. दोन आकडे शेजारी ठेवून पाहिले असते, तर चूक तिथेच पकडली गेली असती. गणिताचा ताळा करतो ना आपण? तोच हा ताळा!

आता तुमच्यासाठी एक गणित. विमानतळावर खरा दाब १००५ आहे आणि पायलटाने लावला १०१३. अल्टिमीटर किती फूट चुकेल? आणि विमान खरं तर वर असेल की खाली? आई-बाबांनाही सोडवायला द्या. उत्तर पुढच्या अंकात!