सैल सांधे आणि पेप्टाइड

ज्यांच्या मुलामुलींचे सांधे सैल, दुखरे व वारंवार निखळणारे आहेत, असे पालक हल्ली ‘पेप्टाइड’ची चौकशी करू लागले आहेत. या एकाच नावाने दोन भिन्न वस्तू विकल्या जातात. पहिली कोलॅजेनची भुकटी. ती सामान्यतः गुरे, डुकरे वा मासे यांच्या कातडीपासून व हाडांपासून काढतात. वनस्पतींत कोलॅजेन नसतेच. आपल्या घरांत हा प्रश्न तिथेच मिटतो.

दुसरी बीपीसी-१५७ ची सुई. पंधरा अमिनो आम्लांची ही साखळी प्रयोगशाळेत घडवितात. म्हणूनच ‘शाकाहारी आहे ना?’ एवढे विचारून आपण निर्धास्त होण्याचा धोका अधिक. तिचा पुरावा मुख्यतः उंदरांवरील प्रयोगांचा आहे (तोही आपल्याला विचारात पाडणाराच). बाटलीवर पुष्कळदा ‘केवळ संशोधनासाठी’ असे छापलेले असते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२३ मध्ये तिच्या सुरक्षिततेविषयी शंका नोंदविली. एहलर्स-डॅनलॉससारख्या विकारांत तर ऊतींची घडणच जन्मतः दुबळी असते. ती या सुईने सुधारते, असे अद्याप सिद्ध झालेले नाही.

प्रथम बायटन गुणांकन करणाऱ्या संधिवाततज्ज्ञांकडे जावे. सांध्याभोवतीचे स्नायू बळकट करणारा, फिजिओथेरपिस्टने आखून दिलेला व्यायाम मंद आहे, त्याला महिने लागतात. तरी आज उपचाराचा मुख्य आधार तोच आहे.