टाकीत पाइप सोडा, माणूस नको

मी परभणीचा. पोटासाठी मुंबईच्या गोदीत ओझी उचलतो. तेलजहाजांच्या टाक्या कशा धुतात, ते खलाशांनी सांगितलं. डेकवरच्या भोकातून पाइप आत सोडतात. टोकाचं तोंड गरागरा फिरतं. पाण्याचा मारा चारी भिंती खरवडून काढतो. माणूस वर, पाणी खाली.

डिसेंबर १९६९ मध्ये अशी धुलाई चालू असताना तीन अजस्र तेलजहाजांत स्फोट झाले. फवाऱ्यानं स्थिर वीज साठली, ठिणगी पडली, टाकीतला वायू पेटला. कंपन्या हादरल्या, चौकशा झाल्या. पुढं टाकीत निष्क्रिय वायू भरायचा नियम झाला. जहाज महाग असतं ना!

आता आमच्या जिल्ह्यात या. ११ मे २०२३. सोनपेठ तालुका, भाऊचा तांडा शिवार. सेप्टिक टँक साफ करताना पाच मजूर गुदमरून मेले. आपले लोक त्याला 'सेफ्टी टँक' म्हणतात. कुणाची सेफ्टी?

हातानं मैला उपसायला लावणं बंद करणारा कायदा लागू झाला ६ डिसेंबर २०१३ ला. तारीख बघा! बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाचा दिवस. अभिवादन कागदावर, माणूस गाळात. सोनपेठनंतर पाच महिन्यांनी, २० ऑक्टोबर २०२३ ला, सर्वोच्च न्यायालयानं गटारात मरणाऱ्याची भरपाई १० लाखांवरून ३० लाख केली. ठीक. पण मेल्यावर भाव वाढवून काय? जिवंतपणी मशीन कुठंय?

आणि एक फसवणूक ओळखा. उद्या कुणी जेटचा पाइप हातात देऊन म्हणेल, 'आता सगळं आधुनिक झालं, उतर खाली.' उतरू नका. गाळ ढवळला की हायड्रोजन सल्फाइड उसळतो. आधी सडक्या अंड्याचा वास येतो. वायू वाढला की नाकच मरतं, वास कळत नाही. एक कोसळतो, त्याला ओढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. जेट वरून चालवला तरच जीव वाचतो.

मागणी साधी आहे. दर तालुक्याला जेटची आणि मैला ओढणारी गाडी पाहिजे. तांड्यावर, वस्तीवर, आखाड्यावर हाकेला येणारी. आत उतरणारा दलित असो, मुसलमान असो, भटका असो, तो आपलाच.

आणि मोर्चातल्या पोरांनो, तुमच्या चाळीचा, सोसायटीचा टँक तुंबतो तेव्हा तुम्ही कुणाला बोलावता? चार पैसे वाचवायला नाक्यावरचा माणूस आणलात, तर सरकारला शिव्या घालायचा हक्क तुम्हाला नाही. गाडी मागवा. ती येईस्तोवर झाकणापाशी उभे राहा आणि कुणालाही आत उतरू देऊ नका.