फारकतीची खोटी तारीख

येशू ख्रिस्ताविषयी मराठीत जे लिहिले-बोलले जाते, त्यात एक विधान वर्षानुवर्षे निर्धास्तपणे वावरत आले आहे. यहुदी धर्मातील कर्मठपणाला विटून येशूने तो धर्म सोडला व नवा धर्म स्थापन केला, असे ते विधान. शालेय निबंधांत ते आढळते, नाताळच्या व्याख्यानांत आढळते आणि एरवी साक्षेपी असणाऱ्या लेखकांच्या लेखणीतूनही सहज उतरते. त्याला पुरावा मागावा असे कोणास वाटत नाही. आम्ही तो मागू इच्छितो. कारण आमच्या मते हे विधान खोटे आहे आणि त्याचा खोटेपणा निरुपद्रवी नाही.

मूळ ग्रंथच पाहू. शुभवर्तमानांतला येशू जन्माने यहुदी आहे, आठव्या दिवशी त्याची सुंता झाली आहे, शब्बाथाला तो सभास्थानात जातो, वल्हांडण सण पाळतो. नियमशास्त्राच्या अर्थाविषयी तो कडाडून वाद घालतो हे खरे; परंतु असा वाद ही यहुदी परंपरेची जुनी रीत होती. पोकळ कर्मकांडावर त्याच्या कित्येक शतके आधी आमोस आणि यशया यांनी कोरडे ओढले होते. ज्ञानेश्वर-तुकारामांनी कर्मठांना खडसावले म्हणून त्यांनी आपला धर्म सोडला असे आपण म्हणत नाही. मग येशूच्या बाबतीत हा न्याय का फिरतो?

तो फिरतो, याचे कारण ‘परुशी’ या शब्दात आहे. मराठी बायबलातील परुशी म्हटला की आमच्या डोळ्यांसमोर सोवळ्यातला दुराग्रही भट उभा राहतो. वस्तुतः मंदिराची सत्ता मुख्यतः याजकांच्या व त्यांच्या निकटच्या सदूकी पंथाच्या हाती होती. परुश्यांचा भर शास्त्राच्या अभ्यासावर आणि घरोघरच्या आचारावर होता. त्यांचा येशूशी जो कलह झाला, तो जवळच्यांचा कलह होता. आपल्या समाजातील भांडण त्या दूरच्या भूमीवर नेऊन लादण्याची सवय आम्हांस लागली आणि त्यामुळे दोन्ही पक्ष आम्हांस नीट दिसेनासे झाले.

येशूनंतरही ताटातूट एका दिवसात झाली नाही. त्याचे पहिले शिष्य यरुशलेमच्या मंदिरात नित्य प्रार्थनेला जात. इ. स. ४९ च्या सुमारास यरुशलेमेत जी बैठक झाली, तिच्यापुढचा प्रश्न एवढाच होता की येशूवर विश्वास ठेवणाऱ्या परजातीयांनी सुंता करून आधी यहुदी व्हावे काय. यहुद्यांनी यहुदीपण सोडावे काय, हा प्रश्न तेथे निघालाच नाही. पौलाला तर नव्या धर्माचा खरा संस्थापक ठरविण्यात येते. परंतु त्याच्या पत्रांत ‘ख्रिस्ती’ हा शब्द एकदाही येत नाही, आणि आपण बन्यामिनाच्या वंशातले इस्राएली असल्याचे तो अभिमानाने सांगतो.

पुढे घटनांचे घाव पडत गेले. इ. स. ७० मध्ये रोमनांनी मंदिर उद्ध्वस्त केले आणि यहुद्यांवर खास कर बसविला. तेव्हा यहुदी कोण, हा प्रश्न वसुली करणाऱ्यांचाही झाला. दुसऱ्या शतकाच्या आरंभी अंत्युखियाचा इग्नाती ‘ख्रिस्ती मार्ग’ आणि ‘यहुदी मार्ग’ हे शब्द परस्परविरोधी म्हणून वापरू लागला. १३२ ते १३५ या काळातील बार कोखबाच्या बंडानंतर यरुशलेम यहुद्यांना बंद झाले. तरीही १६० च्या सुमारास जस्टिन लिहितो की येशूला मानूनही मोशेचे नियम पाळणारे लोक आहेत, आणि आपण त्यांना बंधू मानतो. ३२५ मध्ये निकाया येथील परिषदेने पुनरुत्थानाच्या सणाची तिथी यहुदी पंचांगापासून तोडली. आणि ३८६-८७ मध्ये त्याच अंत्युखियात योहान ख्रिसोस्तम सभास्थानात जाणाऱ्या, यहुदी सण-उपवास पाळणाऱ्या ख्रिस्ती लोकांवर प्रवचनांतून आग पाखडीत होता. लोक तेथे जातच नसते, तर एवढी आग कशाला लागली असती? धर्मगुरूंनी भिंत बांधल्यावरही सामान्य माणसे साडेतीनशे वर्षे तिच्यातून ये-जा करीत होती.

यावर एक आक्षेप संभवतो. धर्मांतर एका दिवशी होत नाही काय? १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला ते झाले. झाले खरे, पण त्यातला भेद ध्यानी घ्यावा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३५ साली येवल्यात निर्धार जाहीर केला, एकवीस वर्षे विचार केला आणि बावीस प्रतिज्ञांनी जुने काय सोडले ते शब्दशः सांगितले. ती फारकत उच्चारलेली होती, म्हणून तिला तारीख आहे. येशूने अशी एकही प्रतिज्ञा दिली नाही. जी त्याने घेतली नाही, ती फारकत त्याच्या नावावर आम्ही का चढवावी?

आम्हां बेज्जूरकरांना तरी हे कळायला जड जाऊ नये. आमचा मुलूख प्राणहितेलगतचा, पलीकडे गडचिरोली. १९५६ साली भाषावार प्रांतरचनेत आदिलाबाद जिल्ह्यातला राजुरा तालुका मुंबई राज्यात गेला, आम्ही आंध्र प्रदेशात राहिलो. २०१४ साली तेलंगणात आलो आणि २०१६ साली कुमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात. प्रत्येक रेघेला तारीख आहे. परंतु बोली, सोयरिकी आणि बाजारहाट त्या तारखांना तुटले नाहीत. सरहद्दीवर राहणाऱ्यांनी तरी नकाशाची रेघ म्हणजेच इतिहास असे मानू नये.

खोट्या तारखेचे परिणाम मात्र खरे असतात. येशूने धर्म सोडला असे ठरले की यहुदी हे उरलेले टरफल ठरतात. आणि त्यापुढची पायरी म्हणजे ‘यहुद्यांनी येशूला मारले’ हा आरोप. वधस्तंभ ही रोमन शिक्षा होती आणि ती रोमन सुभेदार पिलाताने दिली, हे विसरून युरोपने त्या आरोपाखाली शतकानुशतके माणसे जाळली, हाकलली, मारली. तो दोष तेव्हाच्या सरसकट सर्व यहुद्यांवर अथवा आजच्या यहुद्यांवर लादता येत नाही, असे कॅथलिक चर्चने आपल्या जागतिक परिषदेत अधिकृतपणे म्हटले ते १९६५ साली. जे चर्चने खाली ठेवले, ते मराठी लेखकाने अजून का वाहावे?

टरफलाचा हा सिद्धान्त मराठी भूमीवरच खोटा ठरला आहे. कोकणातले बेने इस्राएल शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून शनवार तेली म्हणविले जात. मुंबईत त्यांचे पहिले सभास्थान १७९६ साली उभे राहिले. पुढे जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने १८३२ साली हिब्रूचे व्याकरण मराठीतून लिहिले. जुना करार वाचणारा नव्या कराराकडे येईल, ही मिशनऱ्यांची आशा होती. बेने इस्राएल हिब्रू शिकले आणि ती विद्या घेऊन आपल्याच सभास्थानात गेले. ख्रिस्ती झाले ते अगदी थोडे. १८७४ साली पुण्यात वल्हांडणाची पोथी हिब्रू-मराठीत छापली गेली. येशूने जो सण पाळला, तोच सण मराठीत पाळणारी ही माणसे कोणाचे टरफल होती?

तेव्हा आमची मागणी साधी आहे. यापुढे ‘येशूने नवा धर्म स्थापन केला’ असे लिहू नये. त्याच्या अनुयायांचा मार्ग यहुदी धर्मातून निघाला आणि चार शतकांच्या ओघात वेगळा झाला, असे लिहावे. वाक्य थोडे लांबेल. सत्यासाठी तेवढी शाई खर्चावी.